केळीची मर आणि बुरशीची जनुके

केळीच्या मर रोगावर मराठीत जे छापून येते त्यात दोन प्रकार हमखास सापडतात. एक, ‘केळी जगातून नाहीशी होणार’ अशी धास्ती घालणारा. दुसरा, कोणते औषध किती पाण्यात कालवून बुंध्याशी ओतायचे ते सांगणारा. पहिला वाचून हातपाय गळतात, दुसरा वाचून खिसा हलका होतो. झाडाला मुळात होते काय आणि ते करते कोण, याचा पत्ता दोन्हींत लागत नाही. ‘बुरशीमुळे’ एवढे उत्तर देऊन मंडळी मोकळी होतात. खरी गंमत त्या उत्तरानंतर सुरू होते, कारण जिला दोष दिला जातो त्याच जातीची बुरशी निरोगी बागेच्या मातीतही भरपूर असते आणि कुणाच्या केसालाही धक्का लावत नाही. एकाच जातीतले एक घराणे सज्जन आणि दुसरे मारेकरी, हा फरक कुठून आला? गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बुरशीच्या जनुकांत शोधले गेले आणि बऱ्याच अंशी सापडलेही. पुढची प्रकरणे त्या शोधाबद्दल आहेत.

आधी आजारी झाड नीट पाहून घेऊ. सुरुवात खालच्या, जुन्या पानांपासून होते. पान कडेने पिवळे पडते, पिवळेपणा मधल्या शिरेकडे सरकतो, मग देठ बुंध्याजवळ मोडतो आणि सुकलेली पाने खोडाभोवती लोंबत राहतात. मधला पोंगा मात्र बरेच दिवस हिरवा आणि ताठ दिसतो, त्यामुळे माणूस फसतो. पाणी कमी पडले असेल, खत कमी पडले असेल, असे म्हणत आठवडे निघून जातात. काही झाडांचा बुंधा जमिनीलगत उभा चिरतो. खोड आडवे कापले की संशयाला जागा उरत नाही: एकात एक गुंडाळलेल्या सोपटांमध्ये लालसर-तपकिरी ठिपक्यांची वर्तुळे दिसतात, आणि कंद चिरला तर आत त्याच रंगाच्या रेघा. खोडाचा कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवून ठेवावा. त्यातून दुधाळ तंतू खाली उतरले तर रोग जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता मोठी. पाणी निवळ राहिले आणि आत तपकिरी रेघा असल्या तर बोट फ्युझॅरियमकडे वळते.

फ्युझॅरियम ऑक्सिस्पोरम ही ती बुरशी. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागली की मातीत निपचित पडलेले तिचे बीजाणू जागे होतात, बारीक मुळांतून आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या गाठतात. झाडही गप्प बसत नाही. शत्रू वर चढू नये म्हणून ते या नळ्यांत डिंकासारखा पदार्थ सोडते, शेजारच्या पेशी फुगवून नळ्यांची तोंडे बुजवते. बुरशी तरीही बीजाणू पुढे ढकलत वर सरकते आणि झाड तरीही मागून नळ्या बुजवत राहते. शेवटी ठिबक चालू असते, माती ओली असते आणि झाड तहानेने वाळते. ते मेले की बुरशी जाड कवचाचे बीजाणू तयार करून मातीत उतरते. हे बीजाणू दशकानुदशके तग धरतात. एकदा लागण झालेल्या जमिनीत पुन्हा तेच वाण लावण्याची हिंमत का होत नाही, त्याचे कारण हे.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद ऑस्ट्रेलियातली आहे. ब्रिस्बेनजवळच्या ईगल फार्म इथे १८७४ साली जोसेफ बँक्रॉफ्ट या डॉक्टरने ‘शुगर’ नावाच्या केळीवर तो पाहिला. ही केळ ज्या गटातली, त्याच गटात दक्षिणेतली रसथाळी आणि आपल्या वसई पट्ट्यातली मुठेळी येते. म्हणजे पहिला बळी आपल्या नात्यातला होता. पुढे पनामा आणि कोस्टा रिका या देशांत निर्यातीच्या अफाट बागा उभ्या राहिल्या, तिथे रोगाने थैमान घातले आणि त्याला ‘पनामा’ हे नाव कायमचे चिकटले. अर्विन स्मिथ यांनी क्युबातून आलेल्या नमुन्यातून बुरशी वेगळी केली आणि १९१० साली तिला क्युबेन्स म्हटले. ब्रँडेस यांनी १९१९ मध्ये तीच रोग घडवते हे सिद्ध केले. त्या बागांतले वाण होते ग्रोस मिशेल. जाड सालीचे, प्रवासात न दबणारे, व्यापाऱ्याला हवे तसे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते व्यापारातून जवळजवळ उठले आणि त्याच्या जागी कॅव्हेंडिश आले. कॅव्हेंडिशला त्या बुरशीची बाधा होत नव्हती. आपल्याकडची बसराई, श्रीमंती, आता रावेर-यावलच्या शिवारात सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, ही सगळी कॅव्हेंडिशचीच भावंडे.

मग १९६७ च्या सुमारास तैवानमध्ये कॅव्हेंडिश मरू लागली. नव्या बुरशीला ‘रेस ४’ म्हटले गेले, आणि पुढे थंडीच्या ताणाशिवाय, उष्ण हवेतही मारणाऱ्या प्रकाराला ‘ट्रॉपिकल रेस ४’, म्हणजेच टीआर-४. नव्वदच्या दशकात इंडोनेशिया, मलेशिया आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग. नंतर जॉर्डन, मोझांबिक, पाकिस्तान. २०१९ मध्ये कोलंबिया, २०२१ मध्ये पेरू. ज्या दक्षिण अमेरिकेच्या बागांवर जगाची निर्यात उभी आहे, तिथे पाय ठेवायला तिला अर्धशतक लागले, पण तिने तो ठेवला.

या हकिकतीतून एक समजूत तयार झाली. जुन्या बुरशीने, म्हणजे रेस १ ने, ग्रोस मिशेल खाल्ली, माणसाने कॅव्हेंडिश आणली, मग त्याच रेस १ ने स्वतःला बदलून कॅव्हेंडिशही खायला शिकून घेतले, अशी ती समजूत. गोष्ट म्हणून फक्कड आहे आणि वर्षानुवर्षे सांगितली गेली. पण ती खरी नाही. ली-जुन मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’मध्ये जगभरातल्या ३६ बुरशींच्या जनुकसंचांची तुलना मांडली. तीत दिसले की टीआर-४ ही रेस १ ची लेक नव्हेच. दोघी वेगळ्या वंशाच्या. केळीला मारण्याची कला दोघींनी वेगवेगळी मिळवली आहे.

‘मिळवली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण ती कला नव्या जनुकांच्या रूपाने बाहेरून आली असावी, असे पुरावे सांगतात. फ्युझॅरियमचा जनुकसंच दोन भागांचा असतो. एक गाभा: पेशी चालवणे, अन्न पचवणे, वाढणे, बीजाणू करणे यांसाठी लागणारी जनुके. ती जातीतल्या सगळ्या बुरशींत जवळजवळ सारखीच. दुसरा भाग जादा. कधी ते स्वतंत्र छोटे गुणसूत्र असते, कधी मोठ्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेला तुकडा. घरातली रोजची भांडी आणि लग्नाच्या मांडवासाठी भाड्याने आणलेली भांडी, असा हा फरक. भाड्याच्या भांड्यांवाचून घर चालते, पंगत उठत नाही. जादा भागात उड्या मारणारे, स्वतःच्या नकला काढणारे डीएनएचे तुकडे खच्चून भरलेले असतात, त्यामुळे तो झपाट्याने बदलतो. आणि रोग घडवणारी बरीचशी जनुके नेमकी तिथेच सापडतात.

याचा सर्वांत धडधडीत पुरावा केळीवर नाही, टोमॅटोवर मिळाला. मा यांच्याच गटाने २०१० साली ‘नेचर’मध्ये तो छापला. टोमॅटोला मर आणणाऱ्या फ्युझॅरियमचे १४ व्या क्रमांकाचे गुणसूत्र आणि टोमॅटोला अजिबात त्रास न देणारी एक निरुपद्रवी बुरशी, अशी जोडी त्यांनी घेतली. दोन्ही बुरशी एकत्र वाढवल्या. रोगाचे कुठलेही जनुक सुईने टोचले नाही, संकर केला नाही. नुसती शेजारी-शेजारी वाढ. काही ठिकाणी ते आख्खे गुणसूत्र एकीतून दुसरीत गेले, आणि काल जी निरुपद्रवी होती ती टोमॅटो मारू लागली. मला या क्षेत्रातला कोणता एक प्रयोग सांगा म्हटले तर मी हाच सांगेन. ‘रोगकारक बुरशी’ आणि ‘निरुपद्रवी बुरशी’ या दोन खणांत आपण मातीची जी वाटणी करून बसलो होतो, ती या एका प्रयोगाने विस्कटली.

आता जादा भांडारात आहे काय, ते पाहू. सर्वांत प्रसिद्ध कुटुंब ‘सिक्स’ जनुकांचे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या मार्टिन रेप यांच्या गटाने टोमॅटोच्या आजारी झाडाच्या नळ्यांतला रस गोळा करून त्यात बुरशीची कोणती प्रथिने तरंगतात ते तपासले आणि त्यांना अनुक्रमांक दिले. आज ही यादी १४ पर्यंत गेली आहे. छोटी प्रथिने, पेशीबाहेर सोडलेली, झाडाच्या बचावयंत्रणेत खोडा घालणारी. त्यांतल्या प्रत्येकाचे नेमके काम अजून उलगडलेले नाही, पण काहींचे वजन कळले आहे. टीआर-४ मधून सिक्स-१ चे एक जनुक काढून टाकले तर कॅव्हेंडिशवरचा रोग ठळकपणे सौम्य होतो. ते परत बसवले की रोग परत जोर धरतो. जनुकाचा गुन्हा सिद्ध करण्याची हीच रीत: काढा, बघा, परत घाला, बघा. सिक्स-८ काढले तरीही बुरशीची धार बोथट होते. हेच सिक्स-८ रेस ४ ला रेस १ पासून वेगळे ओळखायलाही उपयोगी पडले, कारण रेस १ च्या नमुन्यांत ते सहसा आढळत नाही.

इथे एक खबरदारी. ही जादा जनुके एकटी काही करू शकत नाहीत. त्यांना जागे करणारे काही नियंत्रक गाभ्यात बसलेले असतात. ‘एसजीई-१’ हे त्यांतले एक. ते बंद केले तर सिक्स जनुके हाताशी असूनही मुकी राहतात. पेशीभित्तिकेवर ताण आला की आत निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांची साखळी तोडली तरीही केळीवर बुरशी दुबळी पडते. शिवाय ‘फ्युझॅरिक आम्ल’ नावाचे विष आहेच, ते तयार करणारी जनुके गुणसूत्रावर एका ओळीत रांगेने बसलेली असतात. हे विष पेशीपटल बिघडवते, पानातला पाण्याचा तोल ढासळवते. म्हणजे पाने सुकण्यामागे तुंबलेल्या नळ्या आणि विष, असे दोघे भागीदार आहेत. रोगाचे एकच जनुक शोधून त्यावर शिक्का मारायची घाई पत्रकारांना असते, कधी शास्त्रज्ञांनाही असते. बुरशीचा कारभार तसा नाही.

२०२४ च्या त्या निबंधातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग मात्र नायट्रिक ऑक्साइडचा. हा एक वायू. झाडेही तो तयार करतात, धोक्याचा इशारा म्हणून. टीआर-४ च्या जादा भागात तो वायू तयार करण्याशी आणि त्याच्या विषारीपणापासून स्वतःला वाचवण्याशी निगडित जनुके सापडली. झाडावर स्वारी करताना बुरशी या वायूचा भपकारा सोडते. झाडाच्या पेशी त्यात होरपळतात, बुरशी स्वतः मात्र त्याचा निचरा करून सुखरूप राहते. या वायूच्या निर्मितीची सूत्रे हाती असलेली दोन जनुके काढली तेव्हा टीआर-४ चा जोर फार मोठ्या प्रमाणात ओसरला. झाडाची भाषा उचलून तिचा आवाज इतका वाढवायचा की झाडच कोलमडावे, असा हा डाव आहे.

आता समोरच्या पक्षाकडे वळू. कॅव्हेंडिशची केळी त्रिगुणित. तिला बी धरत नाही. मुनवा लावा किंवा ऊतीसंवर्धित रोप लावा, मिळते ती मूळ झाडाचीच नक्कल. गंमत अशी, की केळी मारणाऱ्या फ्युझॅरियमचेही लैंगिक प्रजनन कुणी पाहिलेले नाही. दोघेही नकला काढूनच वाढतात. पण बुरशीचे धागे एकमेकांना जुळू शकतात, जनुके इकडची तिकडे होऊ शकतात, जादा भागातले उडते तुकडे नवे घोळ घालू शकतात. केळीच्या बागेला यातले काही जमत नाही. हजारो एकरांवर एकच व्यक्ती उभी आहे आणि समोर कपडे बदलणारा शत्रू आहे. या विषमतेचा दोष मी बुरशीला देत नाही. एकच वाण, एकाच वेळी, सलग पट्ट्यात लावायचा निर्णय माणसाचा, आणि त्यामागे बाजाराचा हट्ट.

म्हणून उपाय शोधणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी जनुकांना हात घातला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात जेम्स डेल यांच्या गटाने आग्नेय आशियातल्या एका जंगली केळीतले ‘आरजीए-२’ हे प्रतिकाराचे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. लागण झालेल्या शेतात तीन वर्षे चाललेल्या चाचणीत त्यातली एक वंशरेषा रोगापासून पूर्ण मुक्त राहिली. २०१७ साली निष्कर्ष छापले गेले आणि २०२४ मध्ये तिथे या केळीला परवानगीही मिळाली. तैवानमधल्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला: ऊतीसंवर्धनात आपोआप घडणारे बदल हेरून, त्यांतली जास्त टिकणारी झाडे निवडून ‘फॉर्मोसाना’सारखी वाणे पुढे आणली. ही झाडे अभेद्य नाहीत, पण बाग उभी राहते.

तिसरा मार्ग आपल्या अंगणात, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चोखाळला गेला आणि त्याचा मराठीत पुरेसा गवगवा झाला नाही. सिद्धेश घाग, उपेंद्र शेखावत आणि टी. आर. गणपती यांनी २०१४ साली छापलेल्या या कामात रोख बुरशीच्या जनुकांवरच होता. कोवळ्या केळफुलातल्या, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा भागापासून वाढवलेल्या रसथाळीच्या पेशी त्यांनी घेतल्या. त्यांत असे तुकडे घातले की केळीच्या पेशीने आरएनएचे छोटे धागे तयार करावेत, ते बुरशीत शिरावेत आणि तिची दोन महत्त्वाची जनुके गप्प करावीत. त्यांतले एक ‘व्हेल्व्हेट’, बुरशीची वाढ आणि रसायननिर्मिती हाताळणारे. दुसरे ‘एफटीएफ-१’, जे झाडात शिरल्यावर रोगाच्या जनुकांना हाक घालते. हरितगृहातल्या चाचणीत ही झाडे रोगाला तगली. यात नवे विष नाही, नवे प्रथिनही नाही. फक्त शत्रूचे तोंड बंद केलेले. हरितगृह म्हणजे शेत नव्हे, हे मला ठाऊक आहे आणि ते काम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरीही बुरशीची कुठली जनुके कशाला लागतात हे कळल्याशिवाय हा मार्ग सुचलाच नसता.

भारतात रेस १ जुनी पाहुणी आहे. म्हैसूरजवळच्या नंजनगुडची रसबाळे केळी, जिला भौगोलिक मानांकन आहे, ती याच मर रोगाने इतकी आक्रसली की आज अस्सल रसबाळे शोधावी लागते. टीआर-४ ची नोंद मात्र अलीकडची: बिहारच्या कटिहार-पूर्णिया भागातून, मग उत्तर प्रदेशातल्या फैजाबादजवळून. पुढे बऱ्हाणपूर आणि सुरत ही नावेही शास्त्रज्ञांच्या नोंदींत आली, आणि तिथे खानदेशाच्या काळजाचा ठोका चुकायला हवा होता. बऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, केळीची नाही. ट्रक इकडून तिकडे जातात, मजूर जातात, फावडी-कोयते जातात, आणि शेजारच्याकडचे मुनवे ‘फुकट मिळतायत’ म्हणून येतात. चाकाला चिकटलेल्या मुठीएवढ्या मातीला पासपोर्ट लागत नाही.

सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, करपा, कंदकूज यांच्या धुमाकुळात पिवळी पाने पाहून कुणी ‘मर’ म्हणते, कुणी ‘पाणी कमी’ म्हणते. डोळ्याला रेस १ आणि टीआर-४ मधला फरक दिसत नाही. दोघींची लक्षणे सारखी. ग्रँड नैनवर मर दिसली म्हणजे टीआर-४ च असेही नाही. फरक फक्त डीएनए तपासून कळतो. म्हणून संशयित झाड उपटून बांधावर फेकू नये, ओढत नेऊ नये. जागीच ठेवून कृषी विद्यापीठाला किंवा केळी संशोधन केंद्राला कळवावे आणि नमुना त्यांनीच घ्यावा. जुनाट वाटणारा हा सल्ला जनुकांच्या या कथेने जास्त पक्का केला आहे. जी बुरशी शेजारणीकडून गुणसूत्र उचलू शकते, तिच्या दोन वंशावळी एकाच शिवारात आणून ठेवणे हा स्वतःहून मांडलेला प्रयोग ठरतो.

या पुस्तकात गणिते आणि रासायनिक सूत्रे जवळजवळ नाहीत. जनुकाची नावे आहेत, आणि ती कानाला खडबडीत लागतील. ती पाठ करायची गरज नाही, कोणते काय करते एवढे ध्यानात राहिले तरी पुरे. प्रयोग शक्य तितके सविस्तर दिले आहेत, कारण निष्कर्षापेक्षा तो कसा काढला हे कळले की पुढची जाहिरात किंवा पुढची धास्ती वाचताना वाचक स्वतः जोखू शकतो. ज्यांची बाग निसवणीवर आली आहे आणि ज्यांना आजच खोड कापून पाहायचे आहे, त्यांनी नमुना घेण्याचे शेवटचे प्रकरण आधी वाचावे आणि सवड मिळेल तेव्हा टोमॅटोच्या प्रयोगापासून सुरुवात करावी.